उशिरा हसणारा माणूस

ती धापा टाकत थिएटरात पोचली तेव्हा सिनेमा सुरू झाला होता आणि मुख्य जिन्याला रंग देणं चाललं होतं. डोअरकीपरनं हातानंच "तिकडून, बाजूच्या जिन्यानं" असं दाखवलं आणि ती सुटली. एक मजला चढून थांबायचं होतं, घाईत दोन चढली. पुढे जे काही झालं ते त्या एका जादा मजल्यामुळे.

त्या थिएटरला पडदे दोन होते. खालचा मोठा. तिथे हिरो एका हातानं बस उचलायचा आणि दुसऱ्या हातानं हिरॉइनच्या कपाळावरची बट बाजूला सारायचा. वरचा छोटा, बऱ्यापैकी घरातल्या दिवाणखान्याएवढा. तिथे लागणाऱ्या सिनेमांच्या पोस्टरवर कुणीही हसत नसे. खालची माणसं वर जात नसत आणि वरची माणसं खालून जाताना नाकावर रुमाल धरल्यासारखं तोंड करत.

ती खालची. पक्की खालची. घरी तिला 'शिट्टी' म्हणत. नाव मावशीनं ठेवलं होतं. लहानपणी एकदा हिरोची एंट्री झाली तेव्हा हिनं दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली होती की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी घाबरून शेजारच्या अनोळखी बाईंचा हात धरला. तेव्हापासून मावशी आणि ती, पहिला दिवस, पहिला शो. आजही मावशी आधीच जाऊन बसली होती आणि फोनवर तिचा निरोप येऊन पडला होता– 'नावं सुरू झाली. मेले, उड आता.'

तर शिट्टी अंधारात चाचपडत एका खुर्चीत बसली. समोर पडद्यावर एक दार होतं. दारामागून पावलं वाजत होती. हळू... जड... एकेक. सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं.

'आला!' तिच्या मनात आलं. आणि दोन बोटं तोंडात गेली.

शीळ छताला लागून परत आली. दार उघडलं. दारात एक म्हातारा उभा होता. अंगात विटका गंजिफ्रॉक, हातात स्क्रूड्रायव्हर.

सभागृहातली सगळी डोकी– होती मोजकीच– गर्रकन मागे वळली. नाही वळलं ते एकच. ते तिच्या शेजारीच होतं. पडद्याच्या उजेडात त्याचं सरळ नाक तेवढं दिसत होतं आणि ते शांतपणे पडद्याकडेच रोखलेलं होतं.

'काय सभ्य माणूस आहे,' शिट्टीला वाटलं. तिचे कान तापले होते. 'दुसऱ्याची फजिती झाली की बघायचंसुद्धा नाही, असे संस्कार हल्ली कुठे राहिलेत!'

एवढ्यात त्याला पुढची वळलेली डोकी दिसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

विचारलं म्हणजे त्याला तसं वाटलं असेल. प्रत्यक्षात खुर्च्या हादरल्या. इतका खणखणीत, भरदार आवाज त्या छोट्या हॉलनं जन्मात ऐकला नव्हता.

"शूऽऽऽ!" सगळी डोकी एकदम म्हणाली.

मग दोघंही खुर्चीत खाली खाली सरकत गेली. ती उठून जाऊ शकली असती, पण जायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागणार होतं. ती बसून राहिली. आणि पडद्यावर तो म्हातारा दार दुरुस्त करत राहिला.

*

सिनेमा सुटला तेव्हा बाहेर बारीक पाऊस लागला होता. छपराखाली ती मावशीची वाट बघत उभी होती, तेवढ्यात तो शेजारी येऊन थांबला. त्याच्याजवळ दोन माणसांखेरीज एखादं टेबलही मावेल एवढी छत्री होती.

"मघाशी... सगळे तुमच्याकडे का बघत होते?" त्यानं विचारलं.

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही?"

"काय?"

त्याच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिक गोंधळ होता की तिला गहिवरून आलं. विसरल्याचं सोंगसुद्धा किती छान करतो!

"काही नाही," ती म्हणाली. "पण एक सांगा. दोन तास तो म्हातारा दार दुरुस्त करत होता. सुताराला का नाही बोलावलं?"

"तोच सुतार होता."

"मग तर आणखीनच लाजिरवाणं आहे!"

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे आणि तोंड मागाहून. "अहो, तो दुरुस्त नव्हता करत. बायको होती तेव्हा दार कुरकुरायचं. कुरकुरलं की ती घरात आल्याचं त्याला कळायचं. मग कुणीतरी शहाण्यानं दाराला तेल घातलं. तो ते पुन्हा कुरकुरायला लावत होता."

हे शिट्टीला कळलंच नव्हतं. सिनेमा परक्या भाषेतला, खाली अक्षरं येत होती. पण अक्षरं वाचायला लागली तर तो सिनेमा कसला, म्हणून ती चिडून खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसली होती.

"तुम्हाला असले सिनेमे का आवडतात?" तिनं विचारलं. या वेळी खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी–" तो जरा अडखळला. "मी भाजीच्या घाऊक बाजारात असतो. लिलाव पुकारतो. पहाटेपासून ओरडायचं. बाजारात मला भोंगा म्हणतात. दिवसभर एवढा कल्ला, मग संध्याकाळी वाटतं, जरा कुणी गप्प बसेल तर बरं. आणि तुम्ही? तुम्ही खालच्या दिसता."

"काय म्हणालात?"

"खालच्या... हॉलमधल्या," तो गडबडून म्हणाला.

"हो. पक्की," ती म्हणाली. "मी कान तपासते. दवाखान्यात. चारी भिंतींना स्पंज लावलेली खोली, त्यात पेशंट, काचेपलीकडे मी. दिवसभर बारीक टुंईऽऽ टुंईऽऽ वाजवायचं आणि कुजबुजायचं. संध्याकाळपर्यंत स्वतःच्या पोटातली गुरगुरसुद्धा ढगांसारखी वाटायला लागते. मग मला ढोल पाहिजेत, गाड्या उडायला पाहिजेत, हजार माणसं ओरडायला पाहिजेत."

कान तपासते म्हटल्यावर त्याचा छत्रीवरचा हात किंचित घट्ट झाला. तिला वाटलं, थंडी.

एवढ्यात खालचा शो सुटला आणि मावशी आली. तिचे डोळे रडून भजनाला बसलेल्या बाईसारखे तृप्त झाले होते. "अगं, कुठे होतीस? आईनं त्याला ओळखलं ना गं शेवटी! जन्मखुणेवरून!" मग तिला छत्री दिसली. मग छत्रीखालचा तरुण दिसला. तिचे डोळे क्षणात कोरडे झाले. "हे कोण?"

"वरचे आहेत," शिट्टी म्हणाली.

*

ठरलं ते असं– एका आठवड्याला त्याचा सिनेमा, पुढच्या आठवड्याला तिचा. कुणी आधी सुचवलं यावर दोघांचं एकमत कधी झालं नाही.

वर जायला लागल्यावर तिला ती नेहमीची डोकी ओळखू यायला लागली. एक नवरा-बायको होते. घरी त्यांचं क्षणभर पटत नसे, म्हणून बोलायची सोय नसेल अशा जागी ते रोज दोन तास शेजारी शेजारी बसायचे. एक बाई यायच्या. वरच्या हॉलमध्ये फोन लागत नाही आणि आपण तिथे असल्याचं सासरच्या कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, हे त्यांनी तिला अभिमानानं सांगितलं. एक दाढीवाले होते, ते सिनेमा संपल्यावर "लय पकडली नाही" असं म्हणत आणि दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा बघायला येत.

"म्हणजे सिनेमासाठी कुणीच येत नाही की!" शिट्टी म्हणाली.

"तुमच्या खालच्या हॉलमध्ये येतात?" भोंग्यानं विचारलं.

तिनं मावशीला विचारलं. मावशीनं कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, "मला काय, गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत कळते. पण घरात मी एकटी रडले तर सगळे म्हणतात, हिला झालंय काय? तिथे रडले की हजार माणसं माझ्याबरोबर रडतात आणि कुणी कारण विचारत नाही." आणि मग लगेच, "शिवाय हिरॉइनच्या साड्या."

शिट्टीनं हे भोंग्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर आहे मावशींचं. सगळ्यांच्या बरोबरीनं रडता-हसता यायला पाहिजे." ते वाक्य त्यानं इतकं हळू म्हटलं की तिला आश्चर्य वाटलं. त्याला हळू बोलता येतं हेच तिला माहीत नव्हतं.

पण खरी गंमत खालच्या हॉलमध्ये होती. तिथे तो सिनेमा बघतच नसे. तो तिला बघे.

हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते जुळ्या भावांच्या सिनेमात. विनोदी प्रसंग चालला होता, हॉल खदखदत होता. तिनं हसता हसता मान वळवली तर हा तिच्याच चेहऱ्याकडे एकटक बघत होता. ती हसली की अर्ध्या क्षणानं तो हसायचा. ती हळवी झाली की हाही हळवा. दुसऱ्या वेळी तिनं काजळ घातलं. तिसऱ्या वेळी मावशीचे मोत्यांचे कानातले मागून घेतले.

"तो सिनेमा बघत नाही गं," मावशी एक रांग मागून टेहळणी करून आली होती. "तुझं तोंडच बघत असतो. पैसे वाया घालवतोय मेला. मला फार आवडला."

एकदा इंटरव्हलला शिट्टीनं धीर करून विचारलंच, "तुम्ही पडद्याकडे का नाही बघत?"

तो लाल झाला. "इकडे... जास्त कळतं."

आता यावर कुठल्या मुलीनं काय समजायचं? जे कुणीही समजलं असतं तेच ती समजली. आणि कान तपासण्यात जिचा हात धरणारं दवाखान्यात कुणी नव्हतं, तिला पुढचे कितीतरी आठवडे बाकीचं काही दिसलं नाही.

*

दिसलं ते एका खुळ्या सिनेमात, इंटरव्हलच्या जरा आधी. पडद्यावर पोपट बोलत होता. फक्त पोपटच, माणसं नव्हती. हॉलमधली सगळी माणसं हसली. शिट्टी मात्र पर्समध्ये रुमाल शोधत होती, म्हणून ती हसली नाही. आणि तोही हसला नाही. मग तिनं मान वर करून उगाचच, कशालाच नाही, एकदा हसून पाहिलं. अर्ध्या क्षणानं तो हसला. हॉल चिडीचूप असताना, त्याच्या त्या भरदार आवाजात, एकटाच.

पुढची डोकी वळली.

शिट्टीच्या हातातला रुमाल तसाच राहिला. डोक्यात एकामागून एक दिवे लागत गेले. शीळ ऐकून न वळलेलं डोकं. हळू बोलता न येणं. खाली अक्षरं असलेले सिनेमे. पेशंट असता तर तिनं दारातून आत येतानाच ओळखलं असतं!

इंटरव्हलचे दिवे लागल्यावर बाहेर कॉरिडॉरमध्ये तिनं पॉपकॉर्नचा डबा तोंडासमोर धरला आणि सरळ आवाजात म्हणाली, "तुमच्या शर्टाच्या खिशाला आग लागलीय."

तो गोड हसला. "हो ना. दुसरा भाग आणखी चांगला असेल."

तिनं डबा खाली घेतला. "तुम्हाला ऐकू येत नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू असं गेलं की तिला शब्द परत घ्यावेसे वाटले. पण ते गेले होते. आणि आजूबाजूच्यांनीही ऐकले होते.

"येतं," तो म्हणाला. "थोडं... कमी येतं. हळू बोला ना. बाजारातलं कुणी असेल इथे. लिलाव पुकारणाऱ्याला बोली ऐकू येत नाही हे कळलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा असेल."

शहाण्या बाईनं इथे त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण शिट्टी त्या घडीला शहाणी नव्हती. तिच्या कानात मावशीचे मोती होते.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला बघत नव्हता?" तिचा आवाज चिरकला. "माझे ओठ वाचत होता? कधी हसायचं ते कळावं म्हणून? मी म्हणजे तुमची... खाली येणारी अक्षरं?"

"सुरुवातीला," तो म्हणाला, "सुरुवातीला मी–"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. दोन्ही कान ठणठणीत असलेली ती बाई जिना उतरून, पोपटाचा उरलेला अर्धा सिनेमा सोडून, पावसात भिजत घरी गेली.

*

मावशीनं तिला टॉवेल दिला, गरम दूध दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याच्या दुसऱ्या बाजूला कोण बसलं होतं?"

"कुणीतरी जाड्या काका. का?"

"ते हसत होते?"

"गडगडून."

"मग त्यांच्या तोंडाकडे बघूनही कळलं असतंच की, कधी हसायचं ते." मावशीनं कप उचलला. "तुझ्यापेक्षा मोठं तोंड होतं त्यांचं."

शिट्टी दूध तसंच ठेवून बसून राहिली.

पुढचा आठवडा त्याच्या सिनेमाचा होता. ती वर जाऊन बसली. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. फोन लागत नसलेल्या बाईंनी तिच्याकडे हळहळून पाहिलं. दाढीवाले म्हणाले, "आज लय आहे."

मग मात्र तिच्यानं राहवेना. सकाळी दवाखान्याच्या आधी ती बाजारात गेली.

घाऊक बाजार तिनं कधी पाहिला नव्हता. ट्रक घरघरत होते, हमाल ओरडत होते, क्रेट आपटत होते. आणि या सगळ्याच्या वर, एका उंच वजनकाट्यावर उभा राहून तो पुकारत होता. अंगात जुना स्वेटर, केस उडालेले, आवाज असा की थेट छपराच्या पत्र्याला भिडत होता. तिला कळलं की भोंगा हे नाव ठेवणाऱ्यानं कंजूषपणा केलाय. तो गात होता जवळजवळ.

"समोर या, समोर या! पाठीमागची बोली धरणार नाही! मला तोंड दिसलं पाहिजे!" तो ओरडला, आणि व्यापारी हसत हसत पुढे सरकले. त्यांना ती त्याची ऐट वाटत होती. शिट्टी मात्र हसली नाही.

भोपळ्यांचा ढीग लिलावाला आला. बोली चढत गेली, थांबली. एक लठ्ठ व्यापारी उशिरा आला आणि भोंग्याच्या पाठीमागे, चालू ट्रकशेजारी उभा राहून वरची बोली ओरडायला लागला. एकदा ओरडला, दोनदा ओरडला. भोंग्याला त्याचा पत्ताच नाही.

"एक वार..." तो पुकारला. "दोन वार..."

शिट्टीनं दोन्ही हात उंच केले आणि त्याच्या पाठीमागे बोट दाखवत नाचायला लागली– मागे, मागे बघा!

त्यानं तिला पाहिलं. त्याचा सगळा चेहरा उजळला. आणि कशाचंही भान न राहून तो म्हणाला, "तीन वार! दिले! बाईंना दिले!"

अशा रीतीनं शिट्टी एका हातगाडीभर भोपळ्यांची मालकीण झाली.

"अरे मी घसा फोडून ओरडतोय!" लठ्ठ व्यापारी लाल होऊन पुढे आला. "बहिरा आहेस का तू?"

गलका थोडा खाली बसला. भोंगा ते थट्टेवारी नेऊ शकला असता. त्याच्याकडे तेवढी जीभ होती. पण तो शिट्टीकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. तो काट्यावरून खाली उतरला.

"हो," तो म्हणाला. "थोडा आहे. बरीच वर्षं झाली. चूक माझी आहे."

माणसं बाजूला झाली आणि गाळ्याचे मालक पुढे आले. सगळे त्यांना शेठ म्हणत. भोंग्याची नोकरी त्यांच्या हातात होती. शेठनी कानामागे हात धरला.

"काय म्हणाला?"

"बहिरा आहे म्हणतो!" कुणीतरी ओरडलं.

"कोण? मी?" शेठ एकदम घाबरले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आधी एक जण हसला, मग चार, मग अख्खा बाजार. शेठना काय झालं ते कुणीतरी कानाशी जाऊन समजावलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, या कल्ल्यात जन्म काढलाय आपण. धड ऐकू येतं कुणाला? हा लठ्ठ्या तर माझी उधारी मागितलेली कधीच ऐकत नाही." ते भोंग्याकडे वळले. "आवाज शाबूत आहे ना? मग कानाचं बघून घे. जा."

"आणि माझे भोपळे?" लठ्ठ्या म्हणाला.

"बाईंचे ते. बोली म्हणजे बोली."

*

दुपारी भोपळे दवाखान्यात आले. डॉक्टर बाहेर आले, हातगाडीकडे बघितलं आणि विचारलं, "यांतला पेशंट कुठला?"

पेशंट हातगाडी ओढत होता. स्वेटर बदलून त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाण्यानं चापून बसवले होते. वेटिंग रूममधल्या प्रत्येकाला एकेक भोपळा देण्यात आला, तरी उरलेच.

"त्या दिवशी तुम्ही माझं वाक्य अर्ध्यावर सोडून गेलात," खोलीत आल्यावर तो म्हणाला.

"हो," शिट्टी म्हणाली. "चुकलं माझं. 'सुरुवातीला', इथपर्यंत झालं होतं."

"सुरुवातीला मी वर अक्षरांसाठीच जायचो. तिथे मला सगळं कळतं. तिथे मी सगळ्यांबरोबर हसू शकतो, मागाहून नाही. लिलावातून दमतो म्हणून वगैरे जे सांगितलं ते... छत्रीखाली सुचलं. पण मग तो म्हातारा आला, त्याचं दार आलं, आणि मला ते सिनेमे खरंच आवडायला लागले. आता अक्षरं काढून टाकली तरी मी जाईन."

"मी सिनेमाबद्दल विचारलं नव्हतं."

"माहीत आहे." त्याचे कान लाल झाले. तिनं ते जवळून पाहिले. तिच्या कामाचाच भाग होता तो. "बाकीचं... आधी तपासणी होऊ दे. बोलताना मला माझं नीट ऐकू आलं पाहिजे."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं. तोंड भिंतीकडे, पाठ काचेकडे, म्हणजे तिचे ओठ दिसायला नकोत. दार लावून ती काचेपलीकडे जाऊन बसली. माइक पुढे ओढला.

"मी शब्द म्हणेन. जो ऐकू येईल तो तसाच म्हणायचा. कळलं?"

"कळलं."

"साप."

"बाप."

"शेत."

"बेत."

"सासू."

तो थांबला. "...बाजू?"

तिला हसू आवरेना, आणि हसताना डोळे भरून आले. बारीक आवाज सगळे गेले होते– स गेला होता, श गेला होता, शिट्ट्या गेल्या होत्या. ती आत आली. त्याच्या दोन्ही कानांत तिनं छोटी मशीनं बसवली. बसवताना तिची बोटं गार होती आणि तो श्वास धरून बसला होता. मग ती परत काचेपलीकडे गेली.

"आता काही ऐकू येतं?"

त्यानं मान तिरकी केली. "पंखा. घड्याळ... आणि माझ्या शर्टाचं कापड. शर्टाला आवाज असतो?" तो जरा थांबला. "आणि हा कसला आवाज आहे? कुणाला तरी धाप लागल्यासारखा?"

"माइक खराब आहे," शिट्टी म्हणाली आणि माइक जरा लांब सारला. "शब्द म्हणते. साप."

"साप."

"शेत."

"शेत."

"सासू."

"सासू," तो म्हणाला, स्वच्छ, आणि त्याच्या पाठीवरूनसुद्धा तिला कळलं की तो हसतोय.

तिच्यासमोरच्या यादीत अजून बरेच शब्द होते. काच, उशीर, पायरी, केस. तिनं त्यांच्यावर हात ठेवला. आजवर दोघं एकमेकांना अहो-जाहो करत आली होती.

"आवडतोस," ती म्हणाली.

काचेपलीकडची पाठ हलली नाही. पंखा फिरत होता. बाहेर कुणाच्या तरी हातून भोपळा घरंगळत गेला आणि डॉक्टर काहीतरी ओरडले.

"आवडतेस," तो म्हणाला.

"चूक," ती म्हणाली. कामाची सवय. "मी 'तोस' म्हटलं."

"'तोस'च ऐकलं."

"मग तसंच म्हणायचं असतं. नियम आहे."

"शब्द असेल तर तसाच म्हणेन," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. इतक्या हळू, की दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नसतं. "हे उत्तर होतं."

ती उठली. खोलीचं ते जाड, स्पंज लावलेलं दार उघडायला तिला दोन्ही हात लागले.

"वळू का?" त्यानं विचारलं.

"वळ," ती म्हणाली, अगदी कुजबुजल्यासारखं, आणि तो लगेच वळला.